दुर्बिणीचं ऑपरेशन : छेद लहान, पण प्रश्न सगळे विचारायचे

आम्ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या बचत गटांसोबत काम करतो. गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात. त्यात कारणाच्या रकान्यात मुलाची फी असते, घराचं डिपॉझिट असतं, शिलाई मशीन असतं. आणि बरेचदा तिथे लिहिलेलं असतं, ‘पिशवीचं ऑपरेशन, दुर्बिणीने’. अर्ज करणारी ताई चाळिशीच्या अलीकडची-पलीकडची. पैसे किती लागणार हे तिला तोंडपाठ असतं. पण नक्की काय काढणार आणि का काढणार, असं विचारलं की ती म्हणते, “अहो, छोटंसंच आहे. तीन भोकं पाडतात, दोन दिवसांत घरी.”

तर आज या तीन भोकांबद्दल बोलू. आम्ही डॉक्टर नाही. गेली काही वर्षं बायकांसोबत दवाखान्यांत बसून, डॉक्टरांना, सिस्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

‘दुर्बीण’ हा शब्द आपल्याकडच्या बायकांना नवा नाही. कुटुंब नियोजनाची शिबिरं व्हायची तेव्हापासून ‘टाक्याचं’ आणि ‘दुर्बिणीचं’ असे दोन प्रकार आपल्या आया-मावश्यांना माहीत आहेत. आज गाठ काढायला, पिशवी काढायला वापरतात तीही त्याच घराण्यातली दुर्बीण, फक्त काम कितीतरी मोठं. आणि दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावून बघायची नव्हे. ती पेनासारखी लांब, बारीक नळी असते. तिच्या टोकाशी उजेड आणि कॅमेरा. पोटातलं दृश्य समोरच्या टीव्हीच्या पडद्यावर मोठं होऊन दिसतं आणि डॉक्टर पडद्याकडे बघत काम करतात.

आता हे होतं कसं? आधी पूर्ण भूल देतात. मग बेंबीजवळ साधारण एक सेंटीमीटरचा छेद घेतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. वायू का? तर पोट म्हणजे मोकळी खोली नाही. गोधड्या कोंबून भरलेल्या पेटीसारखं ते असतं, आतडी एकमेकांना चिकटून बसलेली. पेटीचं झाकण वर उचललं की आत हात घालायला जागा होते, तसं वायूने पोटाची भिंत वर उचलली जाते. टेबल डोक्याकडून थोडं खाली झुकवतात, म्हणजे आतडी वर छातीकडे सरकतात आणि ओटीपोटातली गर्भपिशवी, अंडाशय, नळ्या मोकळ्या दिसतात. मग बाजूला अर्ध्या सेंटीमीटरचे दोन-तीन छेद घेऊन त्यातून लांब चिमटे, कात्री, रक्तवाहिनी बंद करणारी उपकरणं आत घालतात. काम झालं की वायू सोडून देतात आणि छेदांना एखाद-दुसरा टाका घालतात.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात बिकिनी रेषेत किंवा उभा असा हातभर नाही पण वीतभर तरी छेद असतो. तो भरायला वेळ लागतो, दुखतं जास्त, खोकलं तरी जीव जातो. दुर्बिणीत रक्त कमी जातं, जखम चिघळण्याचा धोका कमी, दवाखान्यात राहणं कमी. बाई लवकर उठते, लवकर कामाला लागते. रोजावर जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, शिवणकामाच्या कारखान्यात बसणाऱ्या ताईसाठी ही बचत खरीखुरी आहे. पोट उघडून पिशवी काढली की साधारण सहा आठवडे विश्रांती सांगतात. दुर्बिणीने काढली तर बऱ्याच जणी तीन-चार आठवड्यांत हलक्या कामाला लागतात. नुसती अंडाशयाची साधी गाठ काढली असेल तर त्याहून लवकर.

या तंत्राचा इतिहासही आपल्या जवळचा आहे. जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनांची बरीचशी उपकरणं घडवली आणि १९८० च्या सुमारास दुर्बिणीने अपेंडिक्स काढून दाखवलं. एका बायकांच्या डॉक्टरने सर्जनचं काम केलं म्हणून त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत डॉ. हॅरी राइश यांनी दुर्बिणीने पहिली गर्भपिशवी काढली. आणि १९९० मध्ये आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. विकसनशील देशांतलं असं ते पहिलं ऑपरेशन. म्हणजे हे तंत्र भारतात रुजलं ते सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णांवर. ‘दुर्बीण म्हणजे श्रीमंतांचं काम’ असं कोणी म्हणालं तर हे त्यांना जरूर सांगा.

कुठल्या आजारात दुर्बीण उपयोगी पडते? सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे फायब्रॉइड, पिशवीतल्या गाठी. या बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. आणि सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणजे ती काढायलाच हवी असंही नाही. रक्त फार जात नसेल, दुखत नसेल, लघवीवर दाब येत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. पाळी गेल्यावर या गाठी बहुधा आपोआप आकसतात. त्रास होत असेल आणि बाईला पिशवी ठेवायची असेल, तर फक्त गाठ काढून पिशवी शिवताही येते.

दुसरं, अंडाशयाच्या गाठी. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याचा छोटा फुगा तयार होतच असतो. कधी तो थोडा मोठा होतो आणि सोनोग्राफीत ‘सिस्ट’ म्हणून लिहून येतो. साधी, पाण्याची, लहान सिस्ट दोन-तीन पाळ्यांत विरून जाते, म्हणून डॉक्टर पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात. त्याआधीच घाईने ऑपरेशनची तारीख मिळाली तर थांबा आणि विचारा. मात्र अचानक पोटात असह्य कळ आली, उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तसंच पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखून चक्कर आली, तर नळीत गर्भ राहिलेला असू शकतो. अशा वेळी थांबायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. ही दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीने करता येतात, पण बाई कोसळलेली असेल तर डॉक्टर पोट उघडतात आणि तेच बरोबर असतं.

तिसरं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यात बायकांची वर्षं फुकट जातात. पिशवीच्या आतलं अस्तर जसं असतं, तसलंच अस्तर कधीकधी पिशवीबाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतं. याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. पाळीत तिथेही रक्तस्राव होतो, पण बाहेर यायला वाट नाही. मग रक्त साठून घट्ट तपकिरी होतं, त्यालाच चॉकलेट सिस्ट म्हणतात. अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत कामावर जाता येऊ नये इतकं दुखणं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखणं, मूल न राहणं ही याची लक्षणं. “पाळीत सगळ्यांनाच दुखतं, लग्न झालं की जाईल” असं सांगून मुलींना गप्प बसवतात. साध्या सोनोग्राफीत हा आजार दरवेळी दिसतोच असं नाही. गोळ्यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. नाही पडला तर दुर्बिणीने आत बघून ते अस्तर आणि चिकटलेला भाग सोडवता येतो. दुर्बिणीचा सगळ्यात मोठा उपकार कुठे असेल तर इथे आहे, असं आमचं मत.

आणखी दोन वाटा आहेत, ज्यांत पोटावर एकही छेद नसतो. एक म्हणजे हिस्टेरोस्कोपी. यात बारीक दुर्बीण खालून, योनीमार्गे थेट पिशवीत नेतात. पिशवीच्या आतला पॉलिप, आत वाढलेली छोटी गाठ, पडदा हे सगळं यातून निघतं, आणि बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी येते. दुसरी वाट म्हणजे योनीमार्गे पिशवी काढणं. ही सगळ्यात जुनी. आपल्याकडे हे फक्त पिशवी खाली उतरलेल्या बायकांचं ऑपरेशन असा समज आहे. पण पिशवी जागेवर असतानाही अनेकींमध्ये ते करता येतं. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ, जे जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष होते, त्यांनी हीच पद्धत आयुष्यभर शिकवली. जिथे शक्य असेल तिथे पिशवी काढायची पहिली पसंती योनीमार्गे, असं परदेशातल्या तज्ज्ञ संघटनाही म्हणतात. महागडी उपकरणं लागत नसल्यामुळे खर्चही कमी. म्हणून दुर्बिणीचा सल्ला मिळाला की एवढं विचारायचंच, “डॉक्टर, माझं खालून होईल का?”

आता मुद्द्याचं. छेद लहान असला की निर्णयही लहान वाटायला लागतो. पिशवी तीन भोकांतून काढली काय आणि पोट फाडून काढली काय, पिशवी गेली ती गेली. मूल होणं कायमचं थांबतं. आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जाण्याचं वय न होताच शरीर एका रात्रीत त्या वयात जातं. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं हे सगळं लवकर सुरू होतं. म्हणून ‘पिशवी काढणार’ एवढं ऐकून थांबू नका. अंडाशयं ठेवणार की काढणार, हे वेगळं विचारा.

बीड जिल्ह्याचं प्रकरण तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. २०१९ मध्ये ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहातली एक. पाळीच्या दिवसांत काम बुडालं की खाडा, खाड्याचा दंड. तांड्यावर संडास नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरं गेलं म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती दाखवायची. त्यानंतर तिथल्या खाजगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना सांगितलं, की अनावश्यक गर्भाशय काढण्याला आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करा.

बीड आपल्यापासून लांब आहे, असं मनात येईल. पण “पाळीची कटकट एकदाची संपवा” हे वाक्य आम्ही दिव्याला ऐकलंय, कोळसेवाडीत ऐकलंय आणि वागळे इस्टेटच्या वस्तीतही ऐकलंय. पहाटे पाचचा नळ, सातची लोकल, कामाच्या ठिकाणी संडासाला कुलूप. अशा दिवसात जास्त रक्त जाणारी पाळी म्हणजे शिक्षाच. बाईला पिशवी नको होते यात तिचं काही चुकत नाही. पण त्याआधीच्या पायऱ्या तिला कोणीतरी दाखवायला हव्यात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, जी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालते आणि अनेकींचं ऑपरेशन टाळते. रक्तस्राव का होतोय हे बघायला थायरॉइडची तपासणी, सोनोग्राफी, आणि चाळिशीनंतर बहुधा पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं असतं. आणि हिमोग्लोबिन! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. रक्त सातवर असताना ऑपरेशनला धावण्यापेक्षा आधी रक्तस्राव थांबवून, लोह देऊन रक्त वाढवणं सुरक्षित. त्या काळात कधी कधी ऑपरेशनची गरजच उरत नाही.

संमतीबद्दल एक निकाल सांगतो. दिल्लीतली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई १९९५ मध्ये तपासणीसाठी दवाखान्यात गेली. दुर्बिणीने आत काय आहे ते बघण्यासाठी तिने सही केली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि पिशवी व अंडाशयं काढून टाकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००८ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की बघण्यासाठी दिलेली संमती म्हणजे काढण्याची संमती नव्हे. आणि सज्ञान, शुद्धीवर येणारी बाई असताना, जिवावरचा प्रसंग नसेल तर आईची संमती चालत नाही. नवऱ्याचंही तेच. म्हणून संमतीपत्रावर काय लिहिलंय ते मराठीत वाचून घ्या, मग सही करा. ‘गरज पडल्यास’ असं लिहिलेलं असेल तर कशाची गरज, हे आधी बोलून घ्या.

दुर्बीण सगळीकडे चांगलीच, असंही नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर दुर्बिणीने ऑपरेशन केलेल्या बायकांपेक्षा पोट उघडून केलेल्या बायका जास्त वाचल्या, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. तिथे मोठा छेदच भला. दुसरं, मोठी गाठ लहान छेदातून काढायला तिचे आत तुकडे करावे लागतात. क्वचित त्या गाठीत लपलेला कॅन्सर असतो आणि तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये तसा इशारा दिला. म्हणून गाठ पिशवीत घालून तुकडे करणार का, हे विचारा. हृदयाचा, फुप्फुसाचा मोठा आजार असेल किंवा आधीची दोन-तीन सिझर झालेली असतील तर धोका वाढतो, तेही आधी सांगा. आणि दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पुरं केलं, तर डॉक्टरांनी फसवलं असं समजू नका. आत रक्तस्राव झाला किंवा आतडी चिकटलेली निघाली, तर तसं करणारा डॉक्टरच शहाणा. फक्त ही शक्यता आणि तिचा खर्च आधी माहीत हवा.

खर्चावर येऊ. आपल्या भागात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, ठाण्याचं जिल्हा रुग्णालय आहे, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहे. प्रत्येक ठिकाणी दुर्बिणीची सोय असेलच असं धरून चालू नका, स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत जाऊन विचारा. नाहीतर लोकल आहेच. कल्याणहून स्लो गाडीने शीवचं टिळक रुग्णालय, परळला केईएम, आणि सीएसएमटीला उतरून बायकांचं कामा रुग्णालय. तारीख मिळायला वेळ लागतो, पण तातडीचं नसेल तर तो वेळ रक्त वाढवायला वापरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन तिथे बसा. आपलं ऑपरेशन यादीत बसतं का, ते ऑपरेशनच्या आधी विचारायचं. नंतर काही होत नाही.

खाजगीत जायचं असेल तर अंदाजपत्रक लेखी मागा. खोली, भूल, उपकरणांचं सामान, औषधं, तुकड्याची तपासणी हे सगळं धरून. ‘पॅकेज’ या शब्दात काय नाही, ते विचारा. आमच्या काही गटांनी एक पद्धत पाडली आहे. तातडीचं नसलेल्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलेला कागद जोडायचा. यावर एका बैठकीत वाद झाला. एक काकू म्हणाल्या, “माझ्या पोटाचा हिशोब गटाला का देऊ?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून कागदावर आजार काय ते लिहायचं नाही, फक्त दुसरं मत घेतलं एवढंच, असं ठरलं. त्यासाठी रिपोर्ट आपल्याजवळ हवेत. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांसाठी नियमच आहे.

ऑपरेशन झाल्यावर एक गोष्ट बायकांना घाबरवते. पोटाचं ऑपरेशन आणि दुखतो खांदा! उरलेला वायू पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते, थोडं चाललं की लवकर जाते. पहिल्याच दिवशी उठून चालायला लावतात ते पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

बाहेरून तीन ठिपके दिसतात, म्हणून घरच्यांना वाटतं बाई बरी झाली. पण आत जखम आहे. पिशवी काढली असेल तर योनीच्या वरच्या टोकाला टाके असतात. सहा आठवडे पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, ओली गोधडी उचलायची नाही. गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं नाही. संबंध ठेवायचे नाहीत, आणि हे नवऱ्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. ते सोपं जातं. सासूबाईंना, वहिनींनाही सोबत न्या, म्हणजे घरी गेल्यावर वाद होत नाही.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, पोट फुगलं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याला इजा झालेली असू शकते. ती कधी कधी उशिरा कळते. सतत पाणी गळायला लागलं तर लघवीच्या मार्गाला इजा असू शकते. पिंढरी सुजून दुखली, दम लागला, पॅडमागून पॅड भरायला लागलं, तरी थांबायचं नाही. अशा वेळी जवळच्या क्लिनिकमध्ये इंजेक्शन घेऊन झोपायचं नाही, जिथे ऑपरेशन झालं तिथेच किंवा मोठ्या रुग्णालयात जायचं. डिस्चार्ज कार्ड पिशवीत ठेवा.

आणि एक कागद बहुतेक जणी घ्यायला विसरतात. काढलेली गाठ किंवा पिशवी तपासायला लॅबमध्ये जाते. तिचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर टाके सुकलेले असतात, फेरी मारायचा कंटाळा येतो. तो रिपोर्ट आणा, डॉक्टरांना दाखवा, त्यांनी काय सांगितलं ते मागच्या बाजूला लिहून घ्या, आणि सोनोग्राफीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.